दक्षिणेकडचा उजेड

"विझला," शेपूट म्हणालं.

"काय विझलं?" ताईने मान न वळवता विचारलं. ती ताडपत्रीवर उताणी पडून सप्तर्षींचे तारे मोजत होती आणि सहाव्यापाशी अडली होती.

"टेकाडामागचा उजेड. आत्ता होता, आता नाही."

"शहराचा उजेड विझत नसतो," वकील म्हणाला. "शहरात लाखो दिवे असतात. सगळ्यांनी एकदम बटण बंद केलं, असं तुझं म्हणणं आहे का?"

"माझं काही म्हणणं नाही. मी बघितलं."

दोघांनी उठून दक्षिणेकडे पाहिलं. रोज रात्री वाळूच्या टेकाडावर दुधात पाणी घातल्यासारखा एक फिकट उजेड पसरलेला असायचा. आज तिथे नुसता अंधार होता आणि त्या अंधारात, अगदी खाली, तारे होते. ते कुठले, हे ताईला ओळखता येण्याआधीच टेकाडामागून जीपची घरघर आली. आठवड्याचं सामान घेऊन जीपवाले काका परतत होते. वळणावर वाळू खोल होती, जीप तिथे नेहमीसारखी रखडली होती, ती आता सुटली. ती टेकाडाला वळसा घालून अंगणात शिरली, काकांनी दिवे मालवले आणि वळून बघतात तो उजेड पुन्हा आपल्या जागी हजर!

"जीप आली की विझतो आणि जीप गेली की लागतो," वकील सावकाश म्हणाला. वादात हरताना तो नेहमी सावकाश बोलायचा. "हे शहर नाही."

"चोर आहेत," शेपटाने निकाल दिला. "कोणी आलं की दिवा घालवून लपतात."

आता ही मंडळी कोण, ते सांगायला हवं. ताई तेरा वर्षांची आणि वकील तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला वकील म्हणायचे कारण 'जेवायला चल' म्हटलं तरी तो 'कशावरून जेवण झालंय?' असं विचारायचा. शेपूट ही त्यांची मामेबहीण. ती आठ वर्षांची होती आणि जिथे दोघं तिथे तिसरं हे, म्हणून घरादाराने तिचं नाव शेपूट ठेवलं होतं. तिघं सुट्टीला मावशीकडे आली होती. शेपटाची ती आत्या. हाका वेगळ्या, पण रागवायची ती तिघांना सारखीच.

मावशीचं घर म्हणजे वाळवंटात दोन खोल्या आणि पत्र्याची एक शेड. शेडचं छप्पर रुळांवरून मागे सरकायचं आणि आत पिंपाएवढी जाड दुर्बीण उभी होती. मावशी नवशिक्यांना आकाश दाखवायची. त्यासाठी काळोख लागतो आणि काळोखाच्या बाबतीत तिच्यासारखी कडक बाई शोधून सापडली नसती. खिडक्यांना काळे कागद, फ्रिजमधला बल्ब काढलेला, चहाच्या किटलीच्या लाल ठिपक्यावरही चिकटपट्टी. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की ते पुन्हा अंधाराला सरावायला फार वेळ लागतो, म्हणून घरातल्या प्रत्येक टॉर्चच्या काचेला तिने नेलपॉलिशचे लाल थर दिले होते. ती नखांना कधीच लावत नसे, तरी दुकानदाराकडची तिची खरेदी बघून कोणालाही वाटलं असतं की बाईंना वीस हात आहेत.

एवढं सगळं करूनही दक्षिणेकडचं आकाश तिच्या हातून गेलं होतं. गेल्या वर्षीपासून तो उजेड तिथे येऊन बसला होता. "शहर वाढलं, आपण काय करणार?" असं म्हणून तिने त्या बाजूचं काही दाखवायचंच सोडून दिलं होतं.

आणि उद्या मोजणीबाई येणार होत्या. आकाश किती काळं आहे ते त्या यंत्राने मोजणार, चारही दिशा पास झाल्या तर या जागेला अंधाराचा दाखला मिळणार. दाखला असला की आसपास कोणाला उघडा दिवा लावता येत नाही. नसला, तर ही जमीन तंबूंच्या हॉटेलला जाणार, हे ठरल्यात जमा होतं आणि त्या हॉटेलच्या चित्रात प्रत्येक तंबूवर दिव्यांच्या माळा होत्या. मागच्या खेपेला दक्षिण नापास झाली होती. ही शेवटची संधी होती. कालच मावशी फोनवर हळू आवाजात कोणाला तरी सांगत होती, "नाही मिळाला तर येते मी तिकडे. शाळेच्या प्रयोगशाळेत जागा आहे म्हणालात ना?" ते ताईने ऐकलं होतं. तिने ते अजून धाकट्यांना सांगितलं नव्हतं, पण तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, त्या टेकाडामागे काय आहे?"

"रस्त्याचं काम चाललंय ना, त्यांचं आवार. पाइप आणि डांबराची पिंपं."

"तिथे दिवा आहे?"

"खांबावर मोठा दिवा आहे, पण बंद असतो. शंका आली म्हणून मी स्वतः जाऊन बघून आले होते."

"दिवसा गेली होतीस की रात्री?" वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

"रात्री कशी जाणार? रात्री मी दुर्बीण सोडून हलते का कधी? अंधार पडायला लागला की माझी..." तेवढ्यात फोन वाजला. नवशिक्यांपैकी कोणाला तरी विचारायचं होतं की येताना गॉगल आणायचा का. मावशी कपाळाला हात लावून बाहेर गेली.

वकिलाने ताईकडे पाहिलं. "दिवसा," तो म्हणाला. "दिवा लागतो की नाही ते बघायला ती दिवसा गेली होती."

"मोठ्या माणसांचं असंच असतं," शेपूट बिस्किट बुडवत म्हणालं.

ऊन उतरल्यावर तिघं टेकाड ओलांडून गेली. पलीकडे तारेचं कुंपण होतं. आत पाइपांच्या राशी, काळी पिंपं आणि मधोमध उंच खांब, त्यावर ताटाएवढा दिवा. फाटकाच्या खांबाला बाहेरून एक लोखंडी पेटी ठोकलेली होती. फाटक अगदी त्या वळणावरच होतं, जिथे जीप रखडायची. पाण्याच्या टँकरच्या सावलीत खुर्ची टाकून मुकादम बसले होते. मांडीवर फोन आणि फोनवर नजर.

"काका, हा दिवा रात्री लागतो का?" ताईने विचारलं.

"नाही. बंद आहे. दिसत नाही का?"

"आत्ता दिवस आहे," वकील म्हणाला.

"मग? मी सकाळी येतो तेव्हा बंद, संध्याकाळी जातो तेव्हा बंद. मधे कोण लावणार?"

"रात्री इथे कोण असतं?"

"कोणी नाही. हे पाइप उचलायला हत्ती लागेल आणि या भागात हत्ती नाहीत."

शेपटाचा चेहरा उतरला. चोर हातचे गेले होते. त्याने घामेजलेली टोपी काढली, टांगायला जागा शोधली आणि त्या पेटीच्या कोपऱ्यावर अडकवली. मग टँकरच्या नळाखाली तोंड धरलं.

थोड्या वेळाने ते तोंड पुसत वर बघतं तर काय! "ताई, दिवा लागला."

सगळ्यांनी वर पाहिलं. उतरत्या उन्हातही खांबावरचा दिवा जळत होता. मुकादमही खुर्चीतून उठले. "अरे, हे कोणी केलं?"

"मी फक्त टोपी ठेवली," शेपूट घाबरून म्हणालं आणि त्याने टोपी ओढून घेतली. टोपीखाली, पेटीवर बटणाएवढी एक काचेची टिकली होती. तिच्यावर ऊन पडलं आणि काही वेळाने दिवा आपोआप विझला.

ताई टिकलीपाशी वाकली. तिने तळहाताने ती झाकली आणि वाट बघितली. दिवा लागला. हात काढला, दिवा विझला. तिच्या डोक्यात कालची जीप, वळण आणि उजेड असे एकेक करून जागेवर बसले.

"याला डोळा आहे," ती म्हणाली. "अंधार झाला की हा दिवा लावतो आणि उजाडलं की विझवतो. काल वळणावर जीप रखडली तेव्हा तिचे दिवे सरळ या डोळ्यावर पडले. याला वाटलं, उजाडलं."

"आणि दिवसा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो बंदच दिसणार," वकिलाने साखळी पुरी केली. "रात्री जाता-येता जीपवाल्या काकांना दिसत असेल, पण त्यांना कोणी विचारलंच नाही. म्हणजे मावशी शहराला दोष देतेय आणि दिवा इथे. काखेत कळसा नि गावाला वळसा."

मुकादमांना यात विशेष काही वाटलं नाही. "मग बिघडलं काय? दिवा अंधारातच लावतात. आमच्या गावाला तर तसंच करतात बाबा."

"काका, आजच्या रात्रीपुरता बंद करा ना. आमच्या मावशीसाठी फार महत्त्वाचं आहे."

"बटण पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली ठेकेदाराकडे आणि ठेकेदार परगावी. उद्या बघू."

"उद्या उपयोग नाही."

"मग परवा बघू." मुकादमांनी डबा उचलला. त्यांची घरी जायची वेळ झाली होती.

"आम्ही पेटीला बाहेरून काही बांधलं तर चालेल का?" वकिलाने विचारलं. परवानगीशिवाय तो बोटही लावत नसे.

"पेटी उघडू नका. बाकी तिला टोपी घाला नाहीतर चप्पल बांधा, मला काय!" मुकादमांनी सायकल काढली आणि ते निघून गेले.

तिघं पेटीकडे बघत उभी राहिली. वरचा दिवा झाकणं शक्य नव्हतं. उरला तो खालचा डोळा.

"याला फसवायचं," ताई म्हणाली. "रात्रभर याला वाटलं पाहिजे की अजून दिवसच आहे. टिकलीसमोर टॉर्च लावून ठेवायची."

वकिलाने खिशातून टॉर्च काढली. हातांच्या ओंजळीत टिकली आणि टॉर्च दोन्ही झाकून त्यांनी बघितलं. दिवा लागला तो लागलाच. पुन्हा बघितलं. तेच.

"लाल उजेड याला पुरत नाही," ताई म्हणाली. "पांढरा हवा."

"घरात पांढरी टॉर्चच नाही. सगळ्या मावशीने रंगवल्यात." एवढं बोलून वकील एकदम थांबला, कारण दोघी त्याच्या टॉर्चकडे बघत होत्या. "नाही हं. ही मी कालच रंगवली. तीन थर दिलेत. एकसुद्धा बुडबुडा नाही."

"वकील, दाखला नाही मिळाला तर मावशी इथून जाणार आहे," ताई म्हणाली. "कायमची. मी फोनवर ऐकलंय. ती शाळेत नोकरी धरणार आहे."

वकिलाने कशावरून, असं विचारलं नाही. तो खाली वाळूत बसला आणि नखाने नेलपॉलिश खरवडायला लागला. ते निघता निघेना. शेवटी शेपटाने वाळूची चिमूट घेऊन काच घासून दिली.

आता टॉर्च बांधायची कशाने? शेपटाने बूट काढून आपला काळा लांब मोजा पुढे केला. त्यात टॉर्च घालून मोजा टिकलीवर आवळून बांधला, म्हणजे टॉर्चचा उजेडही बाहेर सांडायला नको. बांधताना वकिलाने श्वास रोखून धरला होता, आणि तो भीतीने नव्हे.

"मावशीला सांगायचं?" त्याने परत येताना विचारलं.

ताईने मान हलवली. "आज रात्र पार पडू दे. आशा दाखवायची आणि फसायचं, त्यापेक्षा गप्प राहू."

अंधार पडेपर्यंत नवशिके येऊन पोचले. त्यांत एक चष्मेवाले आजोबा होते. दुर्बिणीतून आपली सोसायटी दिसेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. एका काकूंना प्रत्येक तेजस्वी ठिपका उपग्रह वाटत होता. मोजणीबाई मात्र कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या हातात साबणाच्या डबीएवढं यंत्र होतं. ते आकाशाकडे धरून बटण दाबलं की आकडा यायचा. आकडा जेवढा मोठा, तेवढा काळोख दाट.

काळोख दाट झाला. टेकाडावर उजेड आला नाही.

मावशी शेडमधून बाहेर आली आणि तिचं दक्षिणेकडे लक्ष गेलं. हातातलं पुसायचं फडकं तिने तसंच धरून ठेवलं. टेकाडाच्या बरोबर वर, क्षितिजाला जवळजवळ टेकून, चार तारे उभे होते. पतंगाच्या चार टोकांसारखे.

"त्रिशंकू," ती स्वतःशीच म्हणाली. "शहरातली वीज गेली वाटतं."

ताईने वकिलाचा हात घट्ट दाबला. मोजणीबाईंनी डोक्यावरचं आकाश मोजलं. उत्तर मोजली, पूर्व मोजली, पश्चिम मोजली. मग दक्षिणेकडे यंत्र धरलं, आकडा बघितला आणि भुवया वर केल्या. "उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी इथे काय झालं होतं कोण जाणे. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा मोजते."

त्यांनी यंत्र वर केलं आणि टेकाडामागे भक्कन उजेड झाला. चारही तारे पुसले गेले.

"सेल," वकील कुजबुजला. "सेल संपले. ती टॉर्च मी रोज रात्री पांघरुणात वाचायला वापरतो."

मावशीने डोळे मिटून घेतले. "आली वीज," ती थकल्या आवाजात म्हणाली. "बाई, शहरापुढे माझा इलाज नाही. लिहा काय लिहायचं ते."

"थांबा," ताई म्हणाली. गप्प बसली असती तर पहिला चांगला आकडा तरी कदाचित उरला असता. पण मावशीचा तो आवाज तिला सहन झाला नाही. "ते शहर नाही. शहर असं एका क्षणात लागत नाही. तो एकच दिवा आहे, टेकाडामागे, रस्तावाल्यांचा. इतका वेळ तो बंद होता, कारण आम्ही त्याला फसवलं होतं. म्हणजे पहिला आकडा आमच्यामुळे आला."

मोजणीबाईंनी यंत्र खाली घेतलं. "दाखवा मला," त्या म्हणाल्या.

जीपवाल्या काकांनी नवशिक्यांना ताडपत्रीवर बसवलं आणि मावशी, मोजणीबाई आणि तिघं मुलं टेकाड चढून पलीकडे गेली. आवारात लग्नमंडपासारखा झगमगाट होता आणि त्या झगमगाटात एकही माणूस नव्हता. मावशी कुंपणापाशी उभी राहून त्या दिव्याकडे बघत राहिली.

मोजणीबाईंनी फाटकाच्या खांबाला बांधलेला मोजा सोडला, नाक थोडं बाजूला केलं आणि आतली विझलेली टॉर्च काढली. मग त्यांनी आपल्या पिशवीतली टॉर्च टिकलीवर धरली. थोड्या वेळाने दिवा विझला आणि दक्षिणेकडे तारे उगवले.

"कोणी शोधलं हे?"

"टोपीने," शेपूट म्हणालं. "माझ्या."

मोजणीबाई पहिल्यांदाच हसल्या. "हे बघा," त्या मावशीला म्हणाल्या, "आकाश नापास झालं असतं तर माझ्या हातात काही नव्हतं. शहर कोणाला हलवता येत नाही. पण इथे आकाश पास आहे, दिवा नापास आहे आणि दिवा काढता येतो. दिवा असताना आणि नसताना, दोन्ही आकडे मी लिहिणार, हा दिवा उतरवायचं पत्र उद्याच ठेकेदाराला जाणार. तो उतरला की दाखला तुमचा. या मुलीने खरं सांगितलं नसतं, तर मी शहराचा उजेड समजून दक्षिण नापास लिहून निघून गेले असते, आणि तुमची जागा गेली असती."

मावशीने तिघांना एकदमच जवळ ओढलं. वकिलाचा चष्मा तिच्या खांद्यात रुतला, पण त्याने हरकत घेतली नाही. "वर्षभर मी शहराला शिव्या देत बसले," ती शेवटी म्हणाली. "कोट्यवधी मैलांवरचं ओळखते मी आणि टेकाडामागचं बघायला रात्री एकदा दोन पावलं टाकली नाहीत. पोरांनो, तुम्ही माझं घर राखलंत."

मोजणीबाईंनी आपली टॉर्च टिकलीवर पक्की बांधून ठेवली. मोजा पुन्हा वापरायला त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि स्वतःचा रुमाल दिला.

परत आले तेव्हा नवशिके वाट बघत होते. आजोबांना सोसायटी दिसली नव्हती, पण त्यांची तक्रारही नव्हती. कोणी तरी टेकाडावरच्या त्या चार ताऱ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ते काय आहे?"

मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती ताईला म्हणाली, "दक्षिण तू सांग. ती तुझी आहे."

"मी? मला कुठे येतं?"

"दिसतं ते सांग. आम्हीही तेवढंच करतो."

ताई सगळ्यांसमोर उभी राहिली. चपला काढून मावशी ताडपत्रीवर गेली, आजोबा आणि उपग्रहवाल्या काकू यांच्या मधे जागा करून खाली बसली आणि नवशिक्यांसारखी मान वर करून ऐकायला लागली.